लेकरू जन्मल्यावर रडलंच नाही: असं कशानं होते, चूक कोणाची धरायची आणि कायद्यात काय करता येते

पेपरात दर दोन-चार महिन्यांनी तीच बातमी असते. बाळंतपणात बाळ दगावलं नाहीतर बाळाला इजा झाली, नातेवाईकांनी दवाखान्यात गोंधळ केला, पोलीस आले. त्याच्यापुढं काय झालं ते मात्र कधी छापून येत नाही. मी तालुक्याच्या कोर्टात, फुकट वकील मिळवून देणाऱ्या विधी सेवा समितीची स्वयंसेवक म्हणून बसते, म्हणून मला ते पुढचं दिसते. पुढचं म्हणजे काय, तर आठ-दहा महिन्यांनी माय लेकराला खांद्यावर टाकून येते, लेकराची मान अजून धरली नसते, आणि विचारते, ताई आता काही होते का हो.

मागच्या उन्हाळ्यात अशीच एक आली. सरकी बियाण्याची रिकामी थैली, त्यात सगळे कागद कोंबलेले, सोनोग्राफीचे, मेडिकलच्या बिलांचे, घामानं एकमेकाला चिकटलेले. मांडीवर दहा महिन्यांची पोट्टी, दोन्ही मुठी घट्ट आणि अंगठे मुठीच्या आत. मी एकेक कागद सुटा करत डिस्चार्ज कार्ड काढलं, त्यात इंग्रजीत एक ओळ होती, अर्थ असा की बाळ जन्मल्याबरोबर रडलं नाही, मास्क लावून हातानं श्वास दिला. मी वाचून दाखवलं तर माय माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. "मले कोणी सांगतलंच नाई ताई. मले वाटलं अशक्त आहे म्हणून काचेत ठेवली." दहा महिने तो कागद तिच्याच घरी पत्र्याच्या पेटीत होता.

तेव्हापासून हे सगळं एका जागी लिहून ठेवायचं मनात होतं.

पोटातल्या बाळाला श्वास कुठून मिळतो

पोटात बाळ स्वतः श्वास घेत नाही. मायच्या रक्तातला ऑक्सिजन वारेत येतो, तिथून नाळेतून बाळाला. आता कळ आली की गर्भाशय आवळतं आणि तेवढा वेळ वारेकडचा रक्तपुरवठा कमी होतो, कळ गेली की परत सुरू. आपल्याकडच्या लाईनसारखं समजा. लाईन जाते, येते, गेली की इन्व्हर्टरवर काम चालते आणि आली की इन्व्हर्टर परत चार्ज होते. धडधाकट बाळाजवळ असं इन्व्हर्टर असते, म्हणून शेकडो कळा सोसूनही बहुतेक लेकरं खणखणीत रडत बाहेर येतात.

गडबड होते ती चार्जिंगला वेळ न मिळाल्यावर. कळा वाढवायचं इंजेक्शन, म्हणजे ऑक्सिटोसिन, हे चांगलं औषध आहे, पण ते मोजून, हळूहळू आणि बाळाचे ठोके ऐकत द्यायचं असते. अंदाजानं जोरात सोडलं तर कळेवर कळ येते, मध्ये फुरसतच नाही. नाळ बाळाच्या आधी खाली सरकून दबली, वार आतल्या आत सुटली, मायचं बीपी वाढून झटके आले, बाळ आडवं किंवा पायाळू असून वेळेवर सिझर झालं नाही, तरी परिणाम तोच. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की पहिल्या एक-दोन दिवसांत झटके येतात, दूध ओढता येत नाही, अंग ढिलं पडते. त्यातली काही लेकरं सावरतात. काहींना पुढं सेरेब्रल पाल्सी होते, म्हणजे मेंदूच्या इजेमुळं हातपाय आणि मान यांच्यावरचा ताबा बिघडतो.

दुसरा प्रकार ओढाताणीचा. डोकं बाहेर आलं आणि खांदा आत अडकला, असं मोठ्या बाळात किंवा शुगर असलेल्या मायच्या बाळात जास्त होते. आपण अरुंद दारातून खाट काढताना ओढत बसत नाही, तिरपी करतो. इथंही तसंच, मायचे पाय पोटाकडं दुमडून घ्यायचे, खांदा फिरवायचा, याच्या ठरलेल्या पद्धती आहेत. नुसतं डोकं धरून ओढलं तर मानेतून हातात जाणाऱ्या नसा ताणल्या जातात आणि हात लुळा पडतो. यातली बरीच लेकरं काही महिन्यांत बरी होतात, पण तीन महिन्यांतही कोपरातून हात वाकवत नसेल तर "मोठं झालं की होईल" म्हणत घरी बसू नका, मोठ्या डॉक्टरला दाखवा.

तिसरा प्रकार जन्मानंतरचा, आणि याच्याकडं कोणाचं लक्षच नसते. कावीळ खूप वाढली आणि उपचाराला उशीर झाला तर ती मेंदूत उतरते. साखर कमी झाली, जंतुसंसर्ग झाला, तरी मेंदूला धोका. वेळेआधी जन्मलेल्या लेकराच्या डोळ्याचा पडदा पहिल्या काही आठवड्यांत तपासावाच लागतो, नाहीतर दृष्टी जाऊ शकते.

मग हरेक वेळी डॉक्टरचीच चूक असते का?

नाही. माझ्याकडं येणाऱ्यांना ते ऐकायला आवडत नाही, तरी मी हे पहिले सांगते. सेरेब्रल पाल्सी झालेल्या लेकरांमध्ये थेट बाळंतपणात ऑक्सिजन कमी पडल्यामुळं झालेली थोडीच असतात, बाकीच्यांमध्ये कारण आधीपासूनचं असते, म्हणजे पोटात असतानाचा संसर्ग, खूप आधी झालेला जन्म, जन्मजात दोष. पऱ्हाटी वाळली म्हणजे दरवेळी फवारणीच चुकली असं नसते, कधी बियाणं, कधी पाऊस, कधी मर रोग. आणि नाळ अचानक दबली तर चांगल्यातल्या चांगल्या डॉक्टरच्या हातूनही बाळ वाचेलच असं नाही.

कायदा निष्काळजीपणा कशाला म्हणतो? त्या जागी दुसरा साधारण हुशारीचा, जबाबदार डॉक्टर असता तर त्यानं जे केलं असतं ते यानं केलं नाही, किंवा जे कोणीच केलं नसतं ते केलं, आणि *त्याच्यामुळंच* इजा झाली. दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. निकाल वाईट लागला एवढं पुरत नाही. एसटी पलटली म्हणून ड्रायव्हर दोषी होत नाही, पण मोबाईलवर बोलत होता आणि म्हणून पलटली, तर होतो.

काही लोक म्हणतात खेड्यापाड्यात सोयीच नाहीत तर डॉक्टर काय करणार. अर्धं खरं आहे. पण आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, न रडणाऱ्या बाळाला मास्कनं श्वास कसा द्यायचा हेही त्यात होतं, आणि तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ते लॅन्सेट या जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. ज्या दवाखान्यात पैसे घेऊन बाळंतपणं होतात तिथं मास्क हाताशी नसणं आणि तो लावता येणारं माणूस नसणं याला मी तरी सोयीचा अभाव म्हणणार नाही.

सगळी गोष्ट कागदावर आहे, म्हणून कागद आधी

बाळंतपणाच्या खोलीत त्या दोन-चार तासांत काय झालं ते मायला अर्धं आठवते, बापाला माहीतच नसते कारण तो बाहेर बाकावर बसला होता, आणि सासू सांगते ते ग्राहक आयोगासमोर टिकत नाही. टिकतो तो कागद. डिस्चार्ज कार्ड म्हणजे कागद नव्हे बरं का, ते फक्त शेवटचं पान आहे. आपल्याला लागते ती पूर्ण इनडोअर फाईल, म्हणजे भरती केल्यापासूनच्या नोंदी, नर्सच्या नोंदी, औषधांचा चार्ट, बाळाची वेगळी फाईल.

तिच्यात चार गोष्टी बघायच्या. बाळाचे ठोके किती वाजता किती होते, साधारण मिनिटाला ११० ते १६० असायला पाहिजे, आणि कळा जोरात सुरू झाल्यावर दर अर्ध्या तासाला तरी नोंद पाहिजे, बाळ बाहेर ढकलायच्या वेळी तर दर पाच मिनिटांनी. दुसरं पार्टोग्राफ, एक पानी आलेख असतो, बाळंतपण किती वेगानं सरकते ते त्यावर आखतात. रेघ धोक्याच्या रेघेच्या पलीकडं गेली तर काहीतरी करायची वेळ झाली असं तो सांगतो, शेतातल्या विहिरीवर पाण्याची खूण करून ठेवतो ना, तसं. तिसरं, बाळाच्या पानावर सीआयएबी अशी इंग्रजी अक्षरं दिसतील, अर्थ जन्मल्याबरोबर रडलं, ती नसली किंवा खोडलेली असली तर विचारा. आणि अपगार स्कोअर, रंग, ठोके, श्वास, हालचाल, प्रतिसाद या पाच विषयांचे मिळून दहा मार्क, पहिल्या मिनिटाला आणि पाचव्या मिनिटाला. पहिल्या मिनिटाला कमी मिळाले तर एवढं घाबरायचं कारण नाही, पाचव्यालाही फार कमी असतील तर ती महत्त्वाची गोष्ट आहे.

त्या थैलीवाल्या मायच्या फाईलीत पार्टोग्राफचं पान होतं. नाव लिहिलेलं, वय लिहिलेलं, आणि खाली सगळे चौकोन कोरे. ठोक्यांची नोंद रात्री साडेअकराची आणि नंतर थेट पहाटे सव्वातीनची. सलाईनमधून काय सोडलं ते औषधाच्या चार्टवर होतं पण किती थेंबांनी ते नव्हतं. माय सांगते दोघी-तिघींनी मिळून पोट दाबलं, त्याबद्दल फाईलीत एक अक्षर नाही. कोऱ्या पानावरून चूक सिद्ध होत नाही, पण मग दवाखान्याला उत्तर द्यावं लागते की तुम्ही पावणेचार तास बघत होते हे कशावरून मानायचं.

फाईल मागायचा तुमचा हक्क आहे, मेहरबानी नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे की रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यायची. तेच नियम सांगतात की फाईल तीन वर्षं जपायची, म्हणजे तुम्ही चौथ्या वर्षी गेले तर "नष्ट केली" असं सरळ उत्तर येऊ शकते. तोंडी मागू नका. दोन ओळींचा अर्ज, तारीख, झेरॉक्सचा खर्च देतो असं लिहायचं, एका प्रतीवर पोच घ्यायची, पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवायचा आणि पावती जपायची. सरकारी दवाखान्यात दिलं नाही तर माहिती अधिकारात मागा, अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवसांची मुदत. आणि त्याच आठवड्यात घरी बसून स्वतःच्या भाषेत लिहून काढा: किती वाजता पोहोचलो, पाणी कधी गेलं, १०८ कधी बोलावली, कोण होतं, कोण नव्हतं. सहा महिन्यांनी हे डोक्यातून निघून जाते.

खाजगी दवाखाना असेल तर: ग्राहक आयोग

पैसे देऊन उपचार घेणारा माणूस ग्राहक आहे, हे सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्ये ठरवलं, आणि २०१९ चा नवा ग्राहक कायदा आल्यावरही ते कायम आहे. १९९८ मध्ये तर लेकराच्याच एका केसमध्ये कोर्टानं सांगितलं की लेकरू आणि मायबाप दोघंही ग्राहक, दोघांनाही वेगवेगळी भरपाई मागता येते.

कोणत्या आयोगात जायचं हे आता तुम्ही भरलेल्या बिलावरून ठरते, मागितलेल्या भरपाईवरून नाही. बिल पन्नास लाखापर्यंत असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या केसेस जिल्ह्यालाच. बिल पाच लाखाच्या आत असेल तर फी शून्य. दवाखाना नागपूरचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार टाकता येते, हे लई लोकांना माहीत नसते आणि ते उगाच नागपूरच्या चकरा मारतात. अपील करायचं झालं तर राज्य आयोगाचं खंडपीठ नागपूरला बसते.

मुदत दोन वर्षं. उशीर झाला तर योग्य कारण देऊन माफ होऊ शकतो. लेकराची इजा मान धरायच्या, बसायच्या वयात कळली, हे कारण मांडता येते, पण आयोग ते मान्य करेलच या भरवशावर थांबू नका.

पण आमचं तर सरकारीत फुकट झालं

इथं खरी अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. जिथं सगळ्यांवरच मोफत उपचार होतात त्या दवाखान्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, केसपेपरचे पैसे दिले म्हणून तुम्ही ग्राहक होत नाही. (जो दवाखाना इतरांकडून पैसे घेतो आणि तुम्हाला गरीब म्हणून फुकट देतो, किंवा तुमचं बिल विम्यानं भरलं, तिथं मात्र जाता येते.)

म्हणून सरकार सुटलं असं नाही. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणानंतरच्या नसबंदीत एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला, ती गेली. घरच्यांनी दिवाणी दावा टाकला आणि सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये सांगितलं की डॉक्टरांच्या निष्काळजीपणाची भरपाई राज्य सरकारनं द्यायची. चेन्नईला १९९६ मध्ये २९ व्या आठवड्यात जन्मलेल्या एका मुलीचे डोळे सरकारी दवाखान्यात वेळेत तपासले नाहीत, ती आंधळी झाली, २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एक कोटी ऐंशी लाखांच्या आसपास भरपाई दिली. या तारखा परत वाचा. एका घराला ३३ वर्षं लागली, दुसऱ्याला बाप १९ वर्षं झगडला. रस्ता आहे, पण लांब आहे.

दिवाणी दाव्यात एक सवलत आहे, लेकराच्या नावानं दावा असेल तर मुदत ते अठरा वर्षांचं झाल्यावर मोजायला सुरू होते. ढळढळीत हेळसांड असेल, म्हणजे बाळंतिणीला दारातूनच परत लावलं असं काही, तर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात रिट, म्हणजे सरकारविरुद्ध हक्कासाठीची थेट याचिका, करता येते. राज्य मानवाधिकार आयोगाकडंही जाता येते, पण एका वर्षाच्या आत.

सही तर आम्हीच केली होती

सगळ्यात जास्त लोक इथंच हातपाय गाळतात. "जिवाचं बरंवाईट झाल्यास दवाखाना जबाबदार नाही" असं छापलेलं असते, रात्री दोन वाजता नवऱ्यानं किंवा बापानं सही केलेली. ती सही उपचाराला परवानगी आहे. ऑपरेशनमध्ये जो धोका असतोच तो तुम्हाला सांगितला एवढाच तिचा अर्थ. निष्काळजीपणाची परवानगी कोणी देऊ शकत नाही, तसं छापून घेतलं तरी ते चालत नाही.

पोलिसात गेलो तर?

बाळ दगावलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू शकते, डॉक्टरसाठी जास्तीत जास्त दोन वर्षं कैद आणि दंड. पण फौजदारी केसमध्ये साधी चूक पुरत नाही, अक्षम्य हलगर्जी दाखवावी लागते, आणि २००५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळं पोलीस आधी दुसऱ्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी, मत घेतात. त्यातून लेकराच्या उपचाराला पैसेही मिळत नाहीत. दगावलेल्या बाळाचं पोस्टमॉर्टेम करू द्यायला जीव होत नाही, मी समजू शकते, पण त्याशिवाय कारण कळत नाही हेही खरं.

तोडफोड तर बिलकुल नाही. २०१० च्या राज्याच्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजार दंड, नुकसानीच्या दुप्पट भरपाई, आणि गुन्हा अजामीनपात्र. लेकरू काचेत आणि बाप लॉकअपमध्ये, हे मी पाहिलं आहे.

डॉक्टरच्या लायसनबद्दल तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं होते. तिथंही भरपाई नाही, पण तिथलं मत पुढं आयोगात कामी येऊ शकते.

डॉक्टरविरुद्ध डॉक्टर बोलेल का? आणि वकिलाला पैसे कुठून आणायचे?

तालुक्यातला डॉक्टर तालुक्यातल्या डॉक्टरविरुद्ध लिहून देत नाही, खरं आहे. म्हणून फाईल घेऊन दुसऱ्या जिल्ह्यातल्या किंवा मेडिकल कॉलेजच्या बालरोगतज्ञाला दाखवा, आणि "चूक झाली का" असं विचारू नका, "या फाईलीत काय दिसते, आता काय उपचार" असं विचारा. डॉक्टर जे लिहितो त्यातूनच अर्धं उत्तर मिळते. कागदांत काहीच सापडलं नाही तर मी केस टाकू नका असंच सांगते, आणि तसं मी आतापर्यंत बऱ्याच जणांना सांगितलं आहे.

वकील फुकट मिळतो. विधी सेवा कायद्यात बाई आणि लेकरू दोघांनाही उत्पन्न न बघता मोफत वकिलाचा हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीत जा, नाहीतर १५१०० वर फोन लावा. अर्ज मायच्या किंवा लेकराच्या नावानं करा, बापाच्या नावानं केला तर उत्पन्नाचा दाखला मागत बसतात.

केस चालत राहीन, लेकरू थांबत नाही

चार महिन्यांनंतरही मान धरत नाही, मुठी कायम बंद, लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे आवळतात, वर्षाच्या आतच एकच हात वापरते, यातलं काही दिसलं तर आशाताईला सांगा. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणून केंद्र असते, तिथं व्यायाम, तपासणी, कानाची-डोळ्याची चाचणी फुकट आहे. वय जितकं कमी तितका फायदा जास्त, म्हणून निकालाची वाट बघत हे थांबवायचं नाही. सेरेब्रल पाल्सी अपंगत्वाच्या यादीत आहे, यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढा, त्याच्यावर नॅशनल ट्रस्टची निरामय योजना मिळते, वर्षाला एक लाखापर्यंत उपचाराचा खर्च, फिजिओथेरपीसुद्धा त्यात बसते. आयोगात भरपाई मागताना हाच सगळा खर्च दाखवावा लागतो, म्हणून बसच्या तिकिटापासून सगळं एका वहीत चिकटवत जा.

त्या मायची तक्रार जिल्हा आयोगात दाखल झाली आहे, दवाखान्यानं उत्तर द्यायला एकदा तारीख वाढवून घेतली. ती आता आठवड्यातून दोनदा पोट्टीला घेऊन डीईआयसीत जाते. मागच्या तारखेला बाहेरच्या बाकावर बसली होती, आणि तिथं शिकवल्याप्रमाणे अंगठ्याच्या टोकाला न ओढता बुडातून हळूहळू मूठ उघडत होती, एक हात झाला की दुसरा. मी कागद मागितले तर म्हणे, थांबा ताई, एवढा हात होऊ द्या.